इस्राएली शाळेचा पट

अंकाचा या वर्षीचा विषय ‘समाजाची शाळा’ आहे असं संपादकांनी फोनवर सांगितलं आणि वर एक अट घातली : स्वतःच्या शाळेच्या आठवणी नकोत. बरंच झालं म्हणायचं. कर्जत-खालापुरात राहणाऱ्याला समाजाच्या शाळा शोधायला फार पायपीट करावी लागत नाही. डोंगराच्या अंगाला ठाकर-कातकऱ्यांच्या मुलांच्या आश्रमशाळा आहेत. गावोगावी जिल्हा परिषदेची मराठी शाळा आहे, काही ठिकाणी उर्दूही आहे. आणि आता रस्त्याकडेला गृहसंकुलांचे फलक लागलेत. त्यांवर फ्लॅटच्या किमतीखालोखाल मोठ्या अक्षरांत ‘इंटरनॅशनल स्कूल’ लिहिलेलं असतं. म्हणजे शाळेचं नाव आधी लागतं, तिच्यात बसणारा समाज मागाहून चारचाकीतून यायचा असतो.

मला याच्या उलटं काहीतरी बघायचं होतं. समाज जुना, जिल्हा आपलाच, शाळाही नामांकित; पण ती जिल्ह्यात नाही. रायगडातल्या बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची ही गोष्ट. त्यांचं स्वतःचं हायस्कूल होतं आणि ते आजही चालू आहे. फक्त ते अलिबागला, पेणला किंवा पनवेलला न निघता मुंबईत निघालं. असं का झालं, हे कळायला आधी तेलाच्या घाण्यापाशी जावं लागतं.

गावागणिक एक-दोन घरं

परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणात वाढला. हे नेमकं कधी घडलं यावर विद्वान अजून भांडतात, आपण त्यात पडायचं कारण नाही. या लोकांनी तेल गाळायचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून गावाने त्यांना शनवार तेली म्हटलं. आडनावं गावांवरून पडली : केहीमकर, नवगावकर, दिवेकर, पेणकर, चेऊलकर, वाकरूळकर, रोहेकर, आष्टमकर. ही यादी वाचत गेलं की जुना कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा, पायाखालून जातो.

पण याच यादीत शाळेची अडचणही दडलेली आहे. एका खेड्याला तेली लागणार किती? एक घर, फार तर दोन. सगळे तेली एका गावात राहिले तर उपाशी मरतील. त्यामुळे धंद्यानेच हा समाज विखुरला. यहुदी रीतीत सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष जमावे लागतात. खेड्यात दहा पुरुष मिळायचे नाहीत, म्हणून सिनेगॉग बाजारपेठेच्या गावांत उभी राहिली : रेवदंडा 1842, अलिबाग 1848, पनवेल 1849, पेण 1863. सणावाराला बैलगाडीने किंवा मचव्याने तिथे जाता येतं. शाळेचं तसं नाही. वर्षातून चार वेळा जाऊन कोणी मॅट्रिक होत नाही.

आज अमेरिकेत एखाद्या उपनगरात खासगी ज्यू हायस्कूल निघतं तेव्हा हीच गोष्ट दुसऱ्या टोकाने घडते. कर्मठ यहुदी शनिवारी गाडी चालवत नाही, त्यामुळे सिनेगॉगपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरातच घर घेतो. शेजारी आणखी दहा घरं येतात, मग शंभर. धर्माला चालेल असं कोशर मांस विकणारा खाटीक येतो, बेकरी येते आणि पाठोपाठ शाळा येते. तिथे अर्धा दिवस तोरा, तालमूद हे धर्मग्रंथ आणि हिब्रू, अर्धा दिवस गणित, विज्ञान, इंग्रजी. हिवाळ्यात सूर्य लवकर मावळतो म्हणून शुक्रवारी शाळा लवकर सुटते. फी ऐकून आपल्या पोटात गोळा येईल अशी असते. पण या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : चालत जाण्याच्या अंतरात पुरेशी मुलं. आपल्या जिल्हा परिषदेच्या भाषेत, पटसंख्या.

आपल्याकडचं सिनेगॉग पाहायला कर्जतहून पनवेलला मी एसटीने गेलो, चौकवरून. पनवेलच्या जुन्या भागात बेथ एल सिनेगॉग कुठे म्हणून विचारलं, तर नाक्यावरचा दुकानदार पाहतच राहिला. मग त्याच्या वडिलांनी आतून आवाज दिला, “अरे, इस्राएल लोकांची मशीद विचारतायत ते.” जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणतात, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. कोकणातल्या या प्रार्थनाघरांची आतली मांडणी साधारण सारखी असते. मधोमध कठड्याचा उंच चौथरा, त्याला तेबा म्हणतात. पश्चिमेच्या भिंतीत तोराच्या गुंडाळ्या ठेवण्याचं कपाट, ते हेखाल. जेरुसलेम आपल्या पश्चिमेला आहे, म्हणून तोंड तिकडे. छतापासून काचेचे दिवे लोंबतात, त्यांत खोबरेल जळायचं. भिंतीशी एक रिकामी खुर्ची असते, ती एलियाहू संदेष्ट्याची. आठव्या दिवशी मुलग्याची सुंता होते तेव्हा बाळाला आधी तिच्यावर ठेवतात. इथलं शिक्षण त्या खुर्चीपासून सुरू व्हायचं आणि बरीच शतकं तिच्या फार पुढे गेलंही नाही. शनिवार पाळायचा, खवल्याचीच मासळी खायची, सुंता करायची आणि ‘शमा’ हा एक मंत्र म्हणायचा, एवढं तोंडी टिकलं होतं. हिब्रू पोथी वाचता येणारं माणूस खेड्यात सापडणं मुश्कील.

पाद्र्यांनी दिलेली हिब्रू

ती पोथी त्यांच्या हातात आणून दिली ख्रिस्ती मिशनऱ्यांनी. यात विनोद आहे आणि तो बेने इस्राएलांनी चांगला ओळखला होता. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि कोकण किनाऱ्यावर मराठी शाळा काढल्या. त्यांत यहुदी मुलं भरपूर आली आणि पुढे यहुदी पंतोजीही लागले. हिंदू आईबापांना पोरगं बाटेल अशी भीती वाटायची. यहुद्यांना ती नव्हती असं नाही, पण बायबलचा जुना करार त्यांचाच होता. पाद्री सांगतो ती अब्राहाम, योसेफ, मोशे यांची गोष्ट आपल्याच घरातली आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. स्कॉटिश मिशनचे जॉन विल्सन 1829 मध्ये मुंबईला आले. त्यांच्या नावाचं कॉलेज आज गिरगाव चौपाटीसमोर आहे. 1832 मध्ये त्यांनी हिब्रूचं व्याकरण मराठीतून छापलं. पाद्र्यांचा हिशेब असा की हिब्रू आली की यहुदी जुन्या करारातून नव्याकडे सरकेल. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, बायबल घेतलं आणि ते सिनेगॉगकडे वळले. धर्मांतरं अगदी थोडी झाली.

त्यानंतर मराठीतून यहुदी धर्म शिकवणाऱ्या पुस्तकांचा ओघच सुरू झाला. कोचीनचे हज्जान, म्हणजे प्रार्थना चालवणारे, आणि शिक्षक वर आले. 1846 मध्ये मुंबईत मराठी भाषांतरासह हगादा शिळाछापावर निघाला. हगादा म्हणजे पेसाहच्या, मिसर देशातून सुटका झाल्याच्या सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. 1874 मध्ये पुण्यात आणखी एक हगादा छापला गेला, तो सचित्र आहे. त्यातलं एक पान मुद्दाम पाहावं. बिनखमिराची रोटी करण्याच्या पायऱ्या त्यावर चितारल्या आहेत आणि त्या करणाऱ्या बायका लुगडी नेसून उकिडव्या बसल्या आहेत. कणीक मळणं, लाटणं, भाजणं, सगळं आपल्या चुलीपाशी चालतं तसंच. मजकूर उजवीकडून डावीकडे हिब्रूत आणि त्याबरोबर बाळबोध लिपीत मराठी. त्या रात्रीचा रिवाज असा की घरातल्या सगळ्यात लहान मुलाने प्रश्न विचारायचे : आजची रात्र वेगळी का? आणि मोठ्यांनी उत्तरं द्यायची. वर्षातून एकदा भरणारी ही घरातली शाळाच होती आणि मराठी भाषांतर हातात आलं तशी ती आजीलाही समजू लागली.

1880च्या सुमारास कीर्तनही आलं. आपण हरिदासी कीर्तन ऐकतो तसंच, पूर्वरंग-उत्तररंगासह. फक्त आख्यान दावीद राजाचं किंवा एस्तेर राणीचं. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांच्यासाठी हा मार्ग काढला. मला विचाराल तर कुठल्याही ज्यू समाजाने धर्मशिक्षणात केलेली ही सगळ्यात देखणी उसनवारी आहे.

केहीमकरांचा उद्योग

एवढं सगळं झालं तरी रीतसर शाळा नव्हती, आणि ती लागण्याचं कारण धर्मापेक्षा पोटाचं होतं. अठराव्या शतकापासून बेने इस्राएल कंपनीच्या मुंबई फौजेत मोठ्या संख्येने शिरले आणि सुभेदार, जमादार झाले. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 मध्ये बांधणारे सामुएल इझेकिएल दिवेकर फौजेतलेच. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी ते बांधलं असं सांगतात. पण पुढे सरकारने जातवार पलटणी भरायला सुरुवात केली आणि एवढ्याशा समाजाची स्वतंत्र तुकडी निघणं शक्य नव्हतं. बढतीची वाट बंद झाली. मग उरल्या रेल्वे, टपाल, दवाखाने आणि सरकारी कचेऱ्या. तिथे तलवार चालत नाही, इंग्रजी लागते आणि मॅट्रिकचा दाखला लागतो.

हाईम सामुएल केहीमकर यांनी हे ओळखलं. आडनाव सांगतं त्याप्रमाणे घराणं किहीमचं, अलिबागजवळचं. 1875 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत इस्राएली शाळा उघडली. कोकणातून शहरात आलेली कुटुंबं तोवर सामुएल स्ट्रीट, उमरखाडी, डोंगरी या भागात दाटीने राहत होती. खेड्यात जे जमलं नाही ते इथे आपोआप जमलं : चालत जाण्याच्या अंतरात मुलं. पटसंख्येचं कोडं शहराने सोडवलं. गावाकडच्या मुलाला काकाकडे, मामाकडे आणून ठेवायचं आणि शाळेत घालायचं, ही तर आपल्याकडची सगळ्याच जातींची रीत.

शाळा चालवणं म्हणजे पैसा उभा करणं. समाज कारकुनांचा आणि सुतार-गवंड्यांचा, त्याची वर्गणी ती केवढी? थोडं सरकारी अनुदान, थोडी फी, आणि लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत. लंडनच्या ज्यूंना पटवायला आधी आपण ज्यू आहोत हेच पटवावं लागे. काळेसावळे, मराठी बोलणारे, धोतर-लुगड्यातले लोक बघून युरोपातल्या लोकांच्या मनात शंका यायची. केहीमकरांनी मग आपल्या समाजाचा मोठा इतिहास इंग्रजीत लिहिला. 1897 मध्ये तो लिहून झाला आणि छापला गेला 1937 मध्ये, तोही तेल अवीवला. तोवर लेखकाला जाऊन जवळजवळ तीन दशकं झाली होती. शाळा मात्र त्यांच्या डोळ्यांदेखत वाढली. 1892 मध्ये ती हायस्कूल झाली.

आता यातली एक खुबी. मॅट्रिकला एक अभिजात भाषा घ्यावी लागे. ब्राह्मणाच्या मुलाने संस्कृत घ्यावी, पारशी-मुसलमानाच्या मुलाने फारसी. मुंबई विद्यापीठात हिब्रूचीही सोय होती. म्हणजे जी भाषा शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला लागायची तिचेच सोमवारी परीक्षेत गुण मिळू लागले. अर्धा दिवस धर्म, अर्धा दिवस व्यवहार असं तुकडे करणारं वेळापत्रक आखायची गरजच उरली नाही. विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक होते योसेफ इझेकिएल राजपूरकर, बेने इस्राएलच. सुमारे चाळीस वर्षं ते डेव्हिड ससून यांच्या संस्थेच्या शाळेचे मुख्याध्यापक होते आणि प्रार्थनेची एकेक पोथी मराठीत आणत होते. समाजाची शाळा कशी चालवावी याचा नमुना मागितला तर मी या एका तासाकडे बोट दाखवीन : मराठी बोलणारा मास्तर, हिब्रूचं पान आणि पुढ्यात विद्यापीठाची परीक्षा.

ससूनांचा विषय निघाला म्हणून सांगतो. मुंबईत ज्यूंच्या शाळा दोन घरच्या होत्या. ससून आणि इतर बगदादी ज्यू श्रीमंत, घरात अरबी आणि पुढे इंग्रजी बोलणारे. त्यांच्या शाळा भायखळ्याला. बेने इस्राएल आणि त्यांच्यात सोयरीक होत नसे. काही बगदादी तर त्यांना प्रार्थनेच्या दहांतही मोजायला कां-कूं करत. जातीचा वारा एकदा लागला की तो कोणालाच सोडत नाही, यहुद्यांनाही नाही.

मिस रूबेन

1905 साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या परीक्षेत रिबेका रूबेन नावाची बेने इस्राएल मुलगी पहिली आली. सबंध इलाख्यात पहिली. तेव्हाचा मुंबई इलाखा सिंधपासून कर्नाटकापर्यंत पसरलेला होता, हे लक्षात घेतलं की त्याचं वजन कळतं. पुढे त्या इंग्लंडात शिकल्या, परत आल्या आणि 1922 मध्ये इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या. 1950 पर्यंत त्या खुर्चीवर होत्या. समाजाचं वार्षिक संपादित करणं, मुलांसाठी लिहिणं हेही त्यांनी केलं. एखादी शाळा एका माणसाच्या नावाने ओळखली जाते तशी ही मिस रूबेनची शाळा झाली.

याच काळात शाळेचं नाव बदललं. बगदादहून निघून मुंबईमार्गे हाँगकाँगला गेलेले आणि तिथे व शांघायला गडगंज झालेले सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि इस्राएली शाळेची सर एली कदूरी शाळा झाली. बगदादी देणगीदाराचं नाव बेने इस्राएलांच्या शाळेवर लागलं, ही त्या दोन घरांमधली समेटाची एक खूणच म्हणायची. एलींचे भाऊ एलिस यांच्या मृत्युपत्रातल्या पैशातून पॅलेस्टाइनमध्ये दोन कृषिशाळा निघाल्या : ताबोर डोंगराशी ज्यू मुलांसाठी, तुलकर्मला अरब मुलांसाठी. ताबोरच्या शाळेत पुढे पंतप्रधान झालेले यित्झाक राबिन शिकले. माझगावात असलेल्या आपल्या या शाळेची ही सख्खी चुलत भावंडं.

मिस रूबेनच्या शेवटच्या दोन वर्षांत शाळेपुढे असा पेच उभा राहिला की ज्यावर कुठल्याच मुख्याध्यापकाकडे उत्तर नव्हतं. 1948 मध्ये इस्राएल देश झाला. त्या वेळी बेने इस्राएल सुमारे वीस हजार होते. पन्नास-साठच्या दशकांत घरंच्या घरं निघाली आणि बीरशेबा, दिमोना, अशदोद, लोद इथे जाऊन राहिली. तिथेही ‘तुम्ही नक्की ज्यू का’ हा जुना प्रश्न रब्बींनी, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंनी काढला. लग्नं अडली, जेरुसलेमला धरणं धरलं गेलं. 1964 मध्ये इस्राएलच्या सरकारला आणि संसदेला सांगावं लागलं की हे लोक सर्वार्थाने ज्यू आहेत. जायला मिळालं, टिकता आलं, नोकऱ्या लागल्या, कारण हातात इंग्रजी होती, दाखले होते, थोडी हिब्रूही होती. शाळेने मुलांना जे शिकवलं त्याच्याच बळावर ती शाळेतून कायमची निघून गेली. शाळेच्या यशाचं माप हेच असतं. पटाच्या वहीत मात्र त्याची नोंद ‘नाव कमी केले’ अशी होते.

भायखळ्याला उतरल्यावर

कर्जत लोकलने मुंबईला जाणाऱ्याच्या वाटेवर हा सगळा इतिहास स्टेशनागणिक पसरलेला आहे. ठाण्याला 1879 चं शार हशमायीम सिनेगॉग. शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे मशीद स्टेशन. जुन्या सिनेगॉगवरूनच हे नाव पडलं असं मानतात. फास्ट लोकल तिथे थांबत नाही, भायखळ्याला थांबते, आणि आपल्याला तिथेच उतरायचं असतं. मागेन डेव्हिड सिनेगॉगचा घड्याळाचा मनोरा निळ्या रंगामुळे लांबूनच दिसतो. फाटकावर पोलीस असतो. 2008 मध्ये नरिमन हाउसवर हल्ला झाल्यापासून शहरातल्या सगळ्याच ज्यू ठिकाणी पहारा आहे आणि फोटो काढू देत नाहीत. आवारातच ससूनांच्या नावाची शाळा आहे. दारावर जेकब ससून यांचं नाव आणि आतून येणारी मुलं नागपाडा-मदनपुऱ्याची, बहुतेक मुसलमान.

माझगावला कदूरी शाळेतही चित्र फार वेगळं नाही. शाळा सुटायची वेळ होती. बाहेर आया उभ्या, बर्फगोळेवाला उभा, रिक्षाला इकडे बंदी म्हणून टॅक्सीत पाच-पाच पोरं कोंबलेली. गर्दीत बुरखे होते, साड्या होत्या, पंजाबी ड्रेस होते. या पटावर आज ज्यू नाव सापडलं तर नवल. सामुएल स्ट्रीटच्या आसपासची यहुदी घरं गेली, त्यांच्या जागी आलेल्यांची मुलं त्यांच्या शाळेत आली. भारतात हे इतरत्रही झालं आहे : कोलकात्याच्या 1881 च्या ज्युइश गर्ल्स स्कूलमध्ये आज बहुतेक मुली मुसलमान आहेत आणि गणवेशावर दावीदाचा तारा मिरवतात.

पश्चिम आशियातल्या बातम्या वाचून इथे येणाऱ्या परदेशी पत्रकारांना याचं भारी अप्रूप वाटतं. ज्यू ट्रस्ट, मुसलमान मुलं, केवढा तो सलोखा, वगैरे. फाटकापाशी उभ्या असलेल्या एका आईला मी शाळेच्या नावाबद्दल विचारलं तेव्हा तिने खांदे उडवले. तिच्या दृष्टीने शाळा घराजवळ आहे आणि फी परवडते, एवढं पुरे. मला तिचं म्हणणं जास्त पटतं. समाजाची शाळा ज्यांच्यासाठी काढली त्यांच्याहून जास्त जगायची असेल तर तिला वस्तीची शाळा व्हावं लागतं. फक्त आपल्याच मुलांसाठी म्हणून दार लावून घेतलं असतं तर कदूरीला कधीच कुलूप लागलं असतं.

आमच्याकडे ही गोष्ट परक्याची नाही. 2023 मध्ये सरकारने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करायचं काढलं, तेव्हा कर्जतच्या वाड्यापाड्यांवरून हाच हिशेब ऐकू येत होता. ठाकरवाडीत घरं पंधरा, मुलं बारा. ती एकत्रित शाळेत गेली तर पावसाळ्यात ओढा कोण पार करून देणार? तिथे मागून येऊन वर्ग भरणारं दुसरं कोणी नाही. शहराला जी सवलत मिळाली ती डोंगराला मिळत नाही.

शनिवारचा पेपर

आज महाराष्ट्रात ज्यू उरले आहेत काही हजार, बहुतेक मुंबई, ठाणे आणि पुणे पट्ट्यात. 2016 मध्ये राज्य सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. घटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क आहे. हक्काचा कागद आला तोवर कदूरी शाळा दीडशे वर्षांकडे झुकली होती आणि तिच्या पटावर ज्यू मुलं जवळजवळ नव्हती. मग उरलेली ज्यू मुलं शिकतात कुठे? तुमची-आमची शिकतात तिथेच : ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये, पनवेलच्या सीबीएसईत. हिब्रू सुट्टीच्या दिवशी सिनेगॉगमध्ये, नाहीतर मोबाइलवर. वरळीला ओआरटी ही जागतिक ज्यू संस्था साठच्या दशकापासून हातकौशल्याचे आणि धर्माचे वर्ग चालवते. अधूनमधून तरुणांची शिबिरं होतात.

अडतं ते शनिवारी. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, लिहायचं नसतं, आणि शाळेची चाचणी शनिवारी सकाळी ठेवलेली. इस्राएली शाळेत हा प्रश्न उद्भवलाच नसता. आता प्रत्येक घर तो आपापला सोडवतं. कोणी वर्गशिक्षिकेला चिठ्ठी देतं, कोणी पोराला पेपरला पाठवून संध्याकाळी दोन प्रार्थना जास्त म्हणून घेतं. पनवेलहून परतताना माझ्याशी बोलत बसलेल्या एका बेने इस्राएल काकांची नात आठवीत आहे. तिची शिष्यवृत्तीची तयारी चालू आहे आणि तिचे क्लास शनिवार-रविवारी असतात. सून म्हणते क्लासला पाठवायचं, मुलगा म्हणतो शब्बाथ आहे, आणि काका दोघांच्या मध्ये. मिस रूबेन असत्या तर काय म्हणाल्या असत्या, असं मी विचारलं. “त्यांनी क्लास रविवारी घेतला असता,” काका म्हणाले आणि चौकचा थांबा आला म्हणून पिशवी उचलून उठले.